एक्केचाळिसाव्या नियमाचा आधार

अप्पा, परवा तुम्हाला तुमच्या गावच्या मळ्यात, तुमच्या लिंगायत रीतीनं, समाधीत बसवून आलो. कपाळाला विभूती, गळ्यात बेलाची माळ, आणि तुम्ही मांडी घालून असे ताठ बसला होता, की मला वाटलं आता म्हणाल, "बसा मॅडम. चहा सांगू का आधी भांडून घेऊ?" इतकी वर्षं तुम्ही हेच विचारलंत आणि इतकी वर्षं मी आधी भांडणच निवडलं. परवा भांडायला कुणी नव्हतं. बायकांच्या घोळक्यात मागं उभी राहिले आणि रडले. लई रडले, खोटं कशाला सांगू.

आज रविवार. नांदेडला घरीच आहे. दुपारचं जेवण उरकून लॅपटॉप उघडला, तर समोर आपला नियमांचा तक्ता. त्यातली एक्केचाळिसावी ओळ तुमची. "जर गावात आज मयत झाली असेल, तर त्या दिवशी टँकरची एक खेप जास्त." त्याच्यापुढं शेवटचा रकाना 'आधार'. प्रत्येक नियमापुढं तिथं परिपत्रकाचा नंबर आहे, तारीख आहे. तुमच्या नियमापुढं काही नाही, कोरं. आणि उद्या आपल्या प्रोग्रामची नवीन आवृत्ती चालू होणार आहे. त्यात मी, माझ्याच हातानं, एक कुलूप घालून ठेवलंय: ज्या नियमाला आधार नाही तो नियम आपोआप बंद. म्हणजे उद्या सकाळी दहाला तुमचा नियम बंद पडणार आणि बंद पाडणारी मी.

म्हणून हे लिहून राहिले. तुमच्यापर्यंत पोचणार नाही हे कळतंय मला. पण पोचलेल्या ईमेली तरी तुम्ही कधी वाचल्यात?

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली मी पहिल्यांदा जिल्हा कचेरीच्या टंचाई शाखेत तुमच्यासमोर बसले. आमचं नांदेडचं ऑफिस म्हणजे चार माणसं आणि एक गळका कूलर. आम्हाला काम मिळालं होतं: कुठल्या गावाला रोज किती टँकर जायचे त्याची यादी बनवणारा प्रोग्राम. मला वाटलं, त्यात काय आहे? लोकसंख्या घ्यायची, माणशी लिटर घ्यायचे, गुणाकार करायचा. महिनाभरात लिहून मोठ्या तोऱ्यात मी तुमच्या टेबलावर तो चालवून दाखवला. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसलात आणि विचारलंत, "नियम कुठं हायेत?"

"आत आहेत."

"आत म्हंजे?"

"कोडमध्ये, अप्पा. दिसत नाहीत, पण आहेत."

"बरं. परिपत्रक येतंय मंगळवारी, टँकर निघतेत बुधवारी सकाळी. मंग ह्या आतल्या नियमाला कोण सांगनार?"

"मी बदलीन. फोन करायचा."

"आन तुमी लग्नाला गेल्या असल्या तर?"

माझा पारा चढला. म्हटलं, हा माणूस तीस-पस्तीस वर्षं कागद खालीवर करतोय, ह्याला काय कळतंय प्रोग्रामिंगमधलं! माझं तोंड वाकडं झालेलं तुम्हाला दिसलं. तुम्ही चहा सांगितलात.

पुढच्या महिनाभरात चार परिपत्रकं आली. विहिरीचं अंतर बदललं, मग जनावरांचं पाणी धरायचं ठरलं, मग नाही धरायचं ठरलं, मग फक्त छावणी नसलेल्या गावांत धरायचं ठरलं. प्रत्येक वेळी मी नांदेडहून एसटी धरायची. लोहा गेलं की माझा डोळा लागायचा आणि अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की तुमचा फोन यायचा, "मॅडम, अजून एक आलंय बरं का." मी एक ठिकाण बदलायची तर दुसरीकडं बिघडायचं. एकदा जनावरांचा हिशेब दुरुस्त करताना मी शाळांचं पाणीच उडवून टाकलं. तुम्ही यादीवर बोट ठेवून म्हणालात, "लेकरं काय जनावरात धरली का काय?" आणि मी पहिल्यांदा तुमच्यासमोर हसले.

त्याच दिवशी तुम्ही खालच्या खणातनं तो मिठाईचा डबा काढलात. आत लग्नपत्रिका! शंभरेक तरी असतील. पुढच्या बाजूला गणपती, चि. आणि चि. सौ. कां., आग्रहाचं निमंत्रण. मागच्या कोऱ्या बाजूला तुमच्या बारीक अक्षरात टंचाई. एका पत्रिकेवर एक नियम. वर 'जर', मधे 'तर', खाली 'आधार'. नियम बदलला की ती पत्रिका काढायची, दुसरी घालायची. तुमच्या रजिस्टरला हात लावायची गरजच नाही. रजिस्टर वर्षभर तेच, तेच रकाने, तीच बेरीज. बदलायच्या त्या फक्त पत्रिका.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"नव्या जिल्ह्यानं," तुम्ही म्हणालात. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा तुम्ही नोकरीत नवे. जुन्या जिल्ह्याकडनं ट्रक भरून गठ्ठे आले. गावं तीच, माणसं तीच, पण कुणाची मंजुरी लागणार, कुणाची सही चालणार ते सगळं बदललेलं. ज्यांनी नियम रजिस्टरातच लिहून ठेवले होते, त्यांना रजिस्टरं नव्यानं लिहावी लागली. तुम्ही शहाणपण केलंत आणि नियम वेगळा काढलात. "काम एका जागी, नियम एका जागी. नियम बदलत जातो, मॅडम. काम तेच ऱ्हातं."

मी एसटीत बसले ती हेच घोळवत. माझ्या धंद्यात ह्याला रूल इंजिन म्हणतात. मी नाव ऐकलं होतं, वापरलं कधी नव्हतं. ते मोठ्या बँकांचं काम, आपल्याला कशाला, असं वाटायचं. सांगायला सोपं आहे: नियम कोडच्या बाहेर एका तक्त्यात लिहायचे, साध्या भाषेत, जर आणि तर. कोडनं फक्त गावाची माहिती इंजिनासमोर ठेवायची आणि विचारायचं, ह्या गावाला काय लागू होतं? इंजिन तक्ता बघून सांगणार. मग यादी करणं, छापणं, जपून ठेवणं हे पुन्हा कोडचं काम. म्हणजे तुमचा मिठाईचा डबा आणि तुमचं रजिस्टरच की! शिकायला मात्र माझा घाम निघाला. इंग्रजी व्हिडिओ बघ, बंद कर, शिव्या दे, पुन्हा लाव. मी शिकायची आणि लातूरला येऊन तुम्हाला शिकवायची, आणि पंधरा दिवसांत तुम्हीच मला सांगायला लागलात की अमुक नियम दोन ओळींत फोड, एकात दोन गोष्टी कोंबू नको. तोवर मॅडमची पोरी झाले होते मी. कुठल्या दिवशी झाले ते काही आठवत नाही.

आणि तुमची ती चूक! अहो, ती चूक तुमच्यासारखा कारकूनच करू जाणे. एका परिपत्रकानं म्हटलं, डोंगराळ वाडीला एक खेप. पुढच्यानं म्हटलं, डोंगराळ वाडीला दोन. तुम्ही दुसरा नियम खाली लिहिलात आणि पहिला तसाच ठेवलात. का, तर जुना कागद फाडायचा नसतो. आणि नंतरचं परिपत्रक आधीच्यावर चढतं, हे काय कुणाला सांगायचं असतं का? इंजिनाला सांगायचं असतं, अप्पा! त्याला आधी काय आणि नंतर काय, काही कळत नाही. त्याला दोन्ही लागू दिसले, त्यानं दोन्ही लावले. पाथरवाडीला तीन खेपा निघाल्या. दोन टँकर एकाच वेळी त्या पाझर तलावाच्या कडेच्या वाटेवर समोरासमोर आले. एक भरलेला, एक रिकामा. मागं जायला जागा नाही, पुढं जायला जागा नाही. ड्रायव्हर खाली उतरले, बिड्या पेटवल्या आणि तुम्हाला फोन लावला.

तुम्ही मला फोन लावलात. "तुझ्या इंजिनाला पद्धत न्हाई. कुनाचा मान आदी, कुनाचा नंतर, शिकवलं न्हाई का त्याला कुनी?"

मग आपण तक्त्यात आणखी एक रकाना घातला. इंग्रजीत त्याला बरंच काय काय म्हणतात. तुम्ही त्याचं नाव ठेवलंत 'मान'. पंगतीत जसा पहिला मान कुणाचा ते ठरलेलं असतं, तसं. एकाच गोष्टीवर दोन नियम भांडले तर मान जास्त त्याचा नियम चालणार, बाकीच्यांनी गप बसायचं. आजही आमच्या ऑफिसात नवीन येणाऱ्याला आम्ही 'मान'च म्हणून शिकवतो आणि ती पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसतात.

माझी चूक तुमच्यापेक्षा मोठी होती. तुम्ही ती कधी कुणाला सांगितली नाहीत, म्हणून आज मीच सांगते. नियम तक्त्यात नेले, पण एक जुना नियम कोडमध्ये तसाच राहिला होता. मी काढायचा विसरले. एक किलोमीटरच्या आत चालू विहीर असेल तर टँकर नाही, असा तो नियम. तक्त्यात तुम्ही तो बदलून अर्धा किलोमीटर केला होतात. पाथरवाडीपासून पाऊण किलोमीटरवरची एक विहीर कागदावर नुकतीच चालू म्हणून नोंदली गेली होती. इंजिन म्हणायचं पाथरवाडीला टँकर द्या, आणि माझा कोड शेवटच्या पायरीला गुपचूप ते नाव उडवायचा. दोन दिवस वाडीला पाणी गेलं नाही. दोन दिवस, अप्पा, वैशाखातले.

तिसऱ्या दिवशी वाडीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन ऑफिसात आल्या. मी तुमच्या शेजारी लॅपटॉप उघडून बसले होते आणि तोवर मला चूक सापडली होती. एका बाईनं विचारलं, "कोन उडवलं आमचं नाव?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उभे राहिलात. "मी. माज्या हातनं झालं, माय. टँकर निगालाय, तुमच्या आदी पोचंल." त्यांनी तुम्हाला जे ऐकवायचं ते ऐकवलं. तुम्ही हात जोडून ऐकून घेतलंत. त्या गेल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हटलं, चूक माझी होती. तुम्ही म्हणालात, "ठाव हाय की. पन तुला आजून पुढं काम करायचंय. एका नियमाला दोन घरं करू नगस, पोरी. मंग तो कोनच्याच घरी सापडत न्हाई." आणि वर, "साकु, साकु आता. डोळे पूस." मायेच्या वेळी 'पुरे' तुमच्या तोंडून असं आईकडनं आलेल्या कानडीतच बाहेर पडायचं.

त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानते. उशीर झाला, पण मानते.

आता एक्केचाळिसाव्याचं बघू.

एका सोमवारी मी तक्ता उघडला तर चाळीसच्या खाली नवीन ओळ. मयत झाली तर एक खेप जास्त. मी विचारलं, "हे कुठल्या परिपत्रकात आहे?"

"कोनच्याच न्हाई."

"मग कसं चालेल?"

"चालतंय की. मी नोकरीला लागल्यापासनं चालवून राह्यलो. आदी तोंडी चालवत होतो, आता तक्त्यात लिवलं."

मी तुम्हाला समजावलं, की ओळ लिहून काही होत नाही. नियम आंधळा असतो. कोड त्याला जेवढं सांगेल तेवढंच त्याला दिसतं. गावाची लोकसंख्या सांगितली तर लोकसंख्या दिसते, विहीर सांगितली तर विहीर. गावात मयत झाली हे त्याला सांगणारं आपल्याकडं काहीच नाही.

"मंग सांग की त्याला."

"अप्पा, त्यासाठी ग्रामसेवकाच्या फॉर्मवर नवीन चौकोन घालावा लागेल. रोज विचारावं लागेल. आणि आधार? उद्या कुणी विचारलं तर मी काय दाखवू?"

"मयतीहून आल्यावर मानूस काय करतंय?"

"अंघोळ."

"आन पानी नसलं तर?"

मला कळलं. पण ऐकलं नाही. तीन आठवडे आपण त्यावर भांडलो. मी म्हणायचे, नियम म्हणजे तुमच्या मनातली दया नव्हे. आज तुम्ही मयतीचा घालाल, उद्या कुणी पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नाचा घालील, मग थांबायचं कुठं? बरोबरच होतं माझं. अजूनही मला ते बरोबर वाटतं, अप्पा, तुम्ही गेलात म्हणून मी ते मागं घेणार नाही. तुम्ही म्हणायचात, "तोंडी चालवत हुतो तवा कुनी कागद मागितला न्हाई. तुझ्या मशिनीत आला आन लगेच नियमाला बाप लागला."

शेवटी तुमच्या साहेबांनी दोघांनाही बोलावलं आणि म्हणाले, चालू द्या, पण कागद आणा. मी चौकोन घातला. "आज गावात मयत आहे का? होय / नाही." आधार कोरा ठेवला आणि पुढं 'प्रलंबित' असं लिहिलं. तुम्ही म्हणालात, "देतो की आधार. दम धर." दोन वर्षांनी तुम्ही रिटायर होऊन गावी गेलात, औशाच्या पुढं, मळ्यात. पावसाची बरी सालं आली, टँकर बंद झाले, मीही विसरले. यंदा पुन्हा टँकर लागले तेव्हा नवीन आवृत्तीचं काम आलं आणि 'प्रलंबित' तसंच बसलेलं दिसलं.

पंधरवड्यापूर्वी मी तुम्हाला फोन केला. आवाज बारीक झाला होता तुमचा, पण मी माझ्याच घाईत. म्हटलं, "अप्पा, आधार कधी देताय? नाहीतर सोळा तारखेला नियम बंद पडेल."

"आधार हाय. सांगन्यासारखा न्हाई."

"मग बंद पडेल."

"तू बंद करशीन?"

"मी नाही. कुलूप करील."

"कुलूप कुनी केलं?"

मी "बघू" म्हणून फोन ठेवला. तुमच्याशी बोललेला माझा शेवटचा शब्द 'बघू'. काय म्हणावं अशा बाईला, तुम्हीच सांगा.

परवाचं सांगते आता. ते तुम्हाला ठाऊक असणार नाही.

मळ्यातनं आम्ही परत निघालो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दीडदोनशे माणूस असेल. उदगीरचे तुमचे पाहुणे, ऑफिसातली जुनी माणसं, पाथरवाडीच्या चार बाया, कुणी सांगितलं त्यांना कोण जाणे. गावातला हापसा दीड महिन्यापासून कोरडा. घरात चार घागरी पाणी, आठ दिवसांचं पुरवून ठेवलेलं. तुमच्या पुतण्याचा चेहरा मी बघत होते. एवढ्या माणसांना अंघोळीला पाणी कुठनं आणायचं, आणि अंघोळीशिवाय उंबरा कुणी ओलांडायचा? तो कुणाकुणाला फोन लावत होता आणि कुणी उचलत नव्हतं. मी मनातल्या मनात माझ्या फोनमधले नंबर काढायला लागले.

गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता.

मी कुणाला फोन केला नव्हता. पुतण्याचाही कुणाला लागला नव्हता. ग्रामसेवकानं सकाळी रोजच्यासारखा फॉर्म भरला, चौकोनात 'होय' केलं, इंजिनानं तक्ता बघितला, एक्केचाळिसावी ओळ लागू झाली, यादीत तुमच्या गावाला एक खेप वाढली. बस. त्याला तुमचं नावही माहीत नव्हतं. पाइप धरून रशीदभाई उभे होते, तुमच्या बरोबरीचे जुने ड्रायव्हर, केस पांढरे, खाली मान घातलेली. टंचाई आली की अजून गाडीवर असतात. ते म्हणाले, "बेटी, लिस्ट में गाँव का नाम देखा, मयत लिखेला था. किसकी है वो इधर आके मालूम हुआ."

लोक अंघोळी करायला लागले. मी आणि रशीदभाई टँकरच्या सावलीत उभे होतो. मी त्यांना विचारलं, हा नियम अप्पांनी का घातला, तुम्हाला ठाऊक आहे का? त्यांच्या त्या दखनी-मराठी मिसळलेल्या बोलीत त्यांनी सांगितलं.

नव्या जिल्ह्याचं पहिलं टंचाईचं साल. रशीदभाई गाडीवर नवीन, तुम्ही ऑफिसात नवीन. यादी घेऊन तुम्ही टँकरबरोबर गावोगाव जात होता. वाटेत एका वाडीतल्या माणसांनी हात केला. वाडीत मयत झाली होती, प्रेत जाळून आलेली माणसं घराबाहेर बसली होती, अंघोळीला पाणी नाही. टँकर भरलेला. तुम्ही यादी काढून बघितलीत. वाडीचं नाव नाही. जुन्या जिल्ह्यानं लिहिलं होतं, ही वाडी आता नव्या जिल्ह्याकडं. नव्या जिल्ह्यात म्हणत होते, तिचा कागद अजून आला नाही. तुम्ही म्हणालात, यादीत नाव नाही, देता येत नाही. आणि रशीदभाईंना गाडी पुढं घ्यायला सांगितलीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच वाटेनं परतलात, तर माणसं तिथंच. लिंबाच्या झाडाखाली. लेकरं भुकेनं रडून निजलेली, घरात कुणी गेलं नव्हतं. तुम्ही खाली उतरलात. त्या घरची म्हातारी उठून तुमच्याजवळ आली. तुम्हाला वाटलं शिव्या देईल. ती म्हणाली, "यादीत नाव न्हवतं बाबा, तुजा काय दोष?"

"उस दिन से अप्पा हमेशा गाड़ी में पूछते थे, आज किधर मयत है क्या," रशीदभाई म्हणाले. "मेरेकू बोले थे, रशीद, ये किसीकू बोलना नै. मैं आज बोल दिया. माफ करेंगे ना?"

अप्पा, हे सांगण्यासारखं नव्हतं? मला सांगण्यासारखं नव्हतं? दोन दिवस एका वाडीचं पाणी उडवणारी मी, आणि हंडे घेऊन आलेल्या बायांसमोर माझ्यासाठी हात जोडणारे तुम्ही, आणि तुम्हाला वाटलं की मला कळणार नाही? की तुम्हाला वाटलं, मला कळेल आणि मग मी दयेपोटी तो नियम ठेवीन, आणि तुम्हाला दया नको होती? हे भांडण आता एकटीनं करायचं माझ्या नशिबी आलंय. रागही येतो तुमचा. आणि राग आला की तुमचा तो मिठाईचा डबा आठवतो आणि पुन्हा रडू येतं.

असो. साकु.

तर उद्याचं. कुलूप मी काढणार नाही. ते असलंच पाहिजे, हे माझं मत पक्कं आहे. विनाआधाराचा नियम नको, नाहीतर उद्या खरंच कुणी पुढाऱ्याच्या लग्नाचा घालील. पण रकाना भरणार. खोटा नंबर टाकून नव्हे. उद्या दहाच्या आधी साहेबांसमोर बसणार, तुमच्यासारखी ताठ, तक्ता उघडणार आणि एक्केचाळिसाव्या ओळीचा आधार मोठ्यानं वाचून दाखवणार. त्या वाडीचं सांगणार, तुमच्या गावचं सांगणार, पाथरवाडीचं माझ्या चुकीसकट सांगणार. रशीदभाई येतो म्हणालेत. आणि म्हणणार, साहेब, ह्याचं परिपत्रक नाही हे मला माहीत आहे, म्हणून मी मसुदा लिहून आणलाय. तुम्ही पुढं पाठवा. वरनं उत्तर यायला वर्ष लागलं तर वर्षभर दर सोमवारी येऊन बसेन. नांदेडची एसटी मला नवीन नाही. उद्या हा जिल्हा फुटून आणखी एक नवा जिल्हा झाला, गठ्ठे पुन्हा ट्रकमध्ये चढले, गावं पुन्हा ह्या यादीतनं त्या यादीत गेली, तरी ही ओळ दोन्हीकडं गेली पाहिजे. मधल्या मधे कुठली वाडी राहता कामा नये. ते मी बघेन. माझं हे 'बघू' फोन ठेवण्यासाठीचं नाही.

'मान'च्या रकान्यात मी तुमच्या नियमाला सगळ्यात मोठा आकडा दिलाय. तो आधी चालेल. बाकीच्यांनी गप बसायचं.

आणि आधाराच्या रकान्यात, तिथलं 'प्रलंबित' पुसून, आत्ता एवढंच लिहिलंय: "परवा ह्या खेपेच्या पाण्यानं अंघोळ करून मी अप्पांच्या घरात गेले."